पाहिजेत : एक वेगवान गोलंदाज

आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिला फटाका वाजतो, त्या सुमारास इंग्लंडमधल्या क्रिकेटच्या मैदानांवर चिटपाखरूही नसते. सप्टेंबर संपता संपता तिथला मोसम आटोपतो. जाळी गुंडाळली जातात, धावफलकाला कुलूप लागते, आणि त्यानंतर पाऊस, धुके, थंडी यांचे राज्य सुरू होते. पण पॅव्हिलियनच्या वरच्या मजल्यावर एखाद्या खोलीत दिवा जळत असतो. टेबलाभोवती कमिटी बसलेली असते आणि एका कागदावर पुढच्या मोसमाची यादी होत असते. वेगवान गोलंदाज, एक, शक्यतो डावखुरा. सलामीला एक भरवशाचा फलंदाज. यष्टिरक्षक आहे, पण त्याचे गुडघे आता कुरकुर करतात, तेव्हा एक हाताशी असलेला बरा. फिरकी गोलंदाज परवडत असल्यास. अशा अठरा कौंट्या, आणि अशा अठरा याद्या.

ही खोली मी पाहिलेली नाही. मी मॅट्रिक झालेला एक चित्रकला शिक्षक. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि इंग्लंड मला नकाशातच काय ते ठाऊक. पण याद्या मला चांगल्या ठाऊक आहेत. आमच्या घरी दिवाळीच्या किराण्याची यादी होते तेव्हा मी पेन घेऊन बसतो आणि सौभाग्यवती सांगते. "काय संपलंय ते लिहिण्याआधी काय आहे ते डबे उघडून बघा," असा तिचा दंडक आहे. डबे न उघडता केलेल्या यादीमुळे घरात तीन किलो रवा आणि वेलची शून्य, असे प्रसंग येतात. कौंटीच्या कमिटीला हा दंडक कोणी घालून दिला होता की नाही, हे पुढे दिसेलच.

या विषयाची गोडी मला लावली ती आमच्या थोरल्या मामांनी. मामा टपाल खात्यात होते. वर्तमानपत्रांतली क्रिकेटची कात्रणे खळीने वह्यांत चिकटवायची, हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. मुंबईचा, भारताचा संघ तर त्यांच्या वह्यांत असायचाच, पण तीन जाड वह्या निव्वळ सॉमरसेट नावाच्या एका इंग्रजी कौंटीच्या होत्या. कारण विचारले की मामा म्हणत, "अरे, आपला सुनील तिथे होता ना एक वर्ष!" मुलगी एक वर्ष एखाद्या गावी नांदली म्हणून बापाने जन्मभर त्या गावच्या पावसापाण्याची चौकशी करावी, तसा हा प्रकार. मामा गेले, आणि वह्या माझ्याकडे आल्या.

कौंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा, असे ढोबळमानाने समजावे. कौंटी क्लब हा बहुधा कोणा शेटजीच्या मालकीचा नसे. तो वर्गणीदार सभासदांचा असे. आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासारखाच कारभार. कार्यकारिणी, चिटणीस, वार्षिक सभा, सभेत तावातावाने बोलणारे म्हातारे, सगळे तसेच. पहिल्यापासून खेळाडूने त्या कौंटीत जन्मलेले तरी असावे किंवा काही काळ वास्तव्य केलेले असावे, अशी अट होती. यॉर्कशरने तर वास्तव्याचीही सवलत नाकारून जन्माचीच अट धरली. पोटुशी बायको दुसऱ्या कौंटीत असली तर यॉर्कशरचा नवरा तिला घाईघाईने यॉर्कशरात आणतो, म्हणजे मुलगा झाल्यास त्याची वाट बंद व्हायला नको, असे तिकडे गमतीने सांगत. बाळंतपणाला माहेरी जाण्याचे हे कारण आपल्याकडच्या कोणा सुनेला सुचलेले नाही! आणखी गंमत म्हणजे या यॉर्कशरचे सर्वांत नामांकित कर्णधार लॉर्ड हॉक हे स्वतः शेजारच्या लिंकनशरमध्ये जन्मलेले. नियम करणाऱ्यांच्या घरचे डबे असेच असतात. यॉर्कशरने परक्याला दार उघडले ते थेट १९९२ साली, आणि त्या दारातून आत गेला तो आपला एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर.

बाकीच्या कौंट्यांनी इतका ताठा धरला नाही. १९६८ साली नियम सैल झाला आणि परदेशी खेळाडूला वास्तव्याची वाट न पाहता ताबडतोब घेता येऊ लागले. त्याच वर्षी गारफील्ड सोबर्स नॉटिंगहॅमशरचा कर्णधार होऊन गेला, आणि मुंबईचा फरूख इंजिनीअर लँकेशरला गेला. परदेशी खेळाडू म्हणजे क्लबाचा घरजावई. त्याचे कौतुक अमाप, पानात पहिले तूप त्याच्या. पण घरच्या पोरांच्या डोळ्यांत तो खुपल्यावाचून राहत नाही, आणि एखाद्या वर्षी त्याच्या हातून काम झाले नाही की सासऱ्याच्या चेहऱ्यावरची आठी सगळ्या गावाला दिसते.

सॉमरसेटची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. क्लब १८७५ सालचा. कौंटी गरीब, शेतीवाडीची. सफरचंदाची आंबवलेली दारू हीच तिची ख्याती. १९५२ ते १९५५ अशी लागोपाठ चार वर्षे हा संघ तक्त्यात तळाशी होता. तेव्हाही कमिटीने यादी केली असणार. तिच्यातून आले ते दोन प्रौढ ऑस्ट्रेलियन, कॉलिन मॅकूल आणि बिल अ‍ॅली. १९५८ साली संघ तिसरा आला. आणि अ‍ॅलीने १९६१ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, एका मोसमात ३०१९ धावा काढल्या. एका मोसमात तीन हजार धावा त्यानंतर कोणालाही काढता आलेल्या नाहीत. जुनी गाडी घ्यायची तर इंजिन बघून घ्यावी, वर्ष बघून नव्हे, असे माझे एक मेव्हणे म्हणतात.

त्याच पडत्या काळातली बर्टी ब्यूसची कथा मामांच्या वहीत आहे. वर्षानुवर्षे इमानाने खेळलेल्या खेळाडूला क्लब एक सामना बहाल करी. त्या सामन्याचा खर्च त्याने सोसायचा आणि तिकिटांचे उत्पन्न त्याने घ्यायचे. म्हातारपणाची तरतूद ती हीच. ब्यूसने १९५३ साली आपल्या सामन्यासाठी बाथचे मैदान पसंत केले. सामना तीन दिवसांचा, समोर लँकेशर. खेळपट्टी अशी निघाली की सगळा सामना पहिल्याच दिवशी संपला! दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाच्या तिकिटांवर पाणी पडले. त्यातही भर म्हणजे लँकेशरचे सहा गडी बाद करून सामना लवकर संपवायला हातभार लावणारा गोलंदाज स्वतः ब्यूसच होता. मामांनी या कात्रणाच्या कडेला लिहिले आहे : "कर्तव्य." दुसरा शब्द नाही.

मग सॉमरसेटचे दिवस पालटले. यॉर्कशरने काढून टाकलेला ब्रायन क्लोज १९७१ साली इथे आला आणि पुढच्या वर्षी कर्णधार झाला. चाळिशीचा, टक्कल पडलेला, चेंडू अंगावर घेणारा माणूस. दुसऱ्याच्या यादीतून खोडलेले नाव आपल्या यादीत अव्वल ठरू शकते, हे सॉमरसेट शिकले ते त्याच्याकडून. त्यानंतर बाथचा लेन क्रीड नावाचा एक गृहस्थ (धंदा शर्यतींवर पैजा घेण्याचा) १९७३ साली वेस्ट इंडीजमधल्या अँटिगा बेटावर गेला असता तिथल्या एका तरुण फलंदाजाला घेऊन आला. तो पोरगा आधी बाथच्या एका साध्या क्लबात खेळला, मैदानाच्या माळ्याच्या हाताखाली राबला, आणि १९७४ साली सॉमरसेटकडून उभा राहिला. त्याचे नाव व्हिव्ह रिचर्ड्स. त्याच वर्षी सॉमरसेटातल्याच योव्हिल गावात वाढलेला इयन बोथमही संघात आला. दोघे टाँटनला एकाच घरात बिऱ्हाड करून राहत. १९७७ साली सहा फूट आठ इंच उंचीचा जोएल गार्नर आला. एक घरचा, दोन बाहेरचे. पण मैदानावर बघणाऱ्याला कोण घरचा आणि कोण बाहेरचा हे सांगता आले नसते.

१९७९च्या सप्टेंबरात लॉर्ड्सवर जिलेट चषकाचा अंतिम सामना झाला. रिचर्ड्सने ११७ धावा काढल्या, गार्नरने २९ धावांत सहा बळी घेतले. क्लबाच्या एकशे चार वर्षांच्या आयुष्यातला हा पहिला चषक. दुसऱ्याच दिवशी नॉटिंगहॅमला जाऊन त्यांनी रविवारच्या लीगचे विजेतेपदही मिळवले. शंभर वर्षे उपास आणि चोवीस तासांत दोन पक्वान्ने! १९८३पर्यंत आणखी तीन चषक आले.

आता आपला सुनील. १९८० साली वेस्ट इंडीजचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता, त्यामुळे रिचर्ड्स आणि गार्नर सॉमरसेटला मिळणार नव्हते. कमिटीच्या यादीत म्हणून एक ओळ आली : सलामीचा फलंदाज, एका मोसमापुरता. सुनील गावसकर तसा गेला. जगातला पहिल्या दर्जाचा सलामीवीर, पण तिथे त्याची जागा बदली शिक्षकाची. बाई रजेवर आहेत, त्या आल्या की तुम्ही निघायचे. मोसम संपला, मालक परतले, सुनीलही परतला. सॉमरसेटच्या इतिहासात हे एक पान, पण मामांच्या वहीत छत्तीस. पुढे त्यांचे लक्ष तिथून हलले नाही, आणि म्हणूनच १९८६चा सगळा तमाशा त्यांच्या वहीत तारीखवार आहे.

१९८४ साली वेस्ट इंडीज पुन्हा दौऱ्यावर आली. पुन्हा बदलीची गरज पडली. या वेळी न्यूझीलंडचा एकवीस वर्षांचा मार्टिन क्रो आला. त्याने १८७० धावा काढल्या, आणि शिवाय तरुण पोरांना जमवून त्यांच्याशी खेळावर तासन्‌तास बोलला. कमिटीला तो आवडला. मालक परतले, तोही गेला. पण बदली बाईंची आठवण वर्गात राहिली.

१९८५च्या जूनमध्ये रिचर्ड्सने टाँटनला वॉरिकशरविरुद्ध एका दिवसात ३२२ धावा काढल्या. आणि त्याच वर्षी चॅम्पियनशिपच्या तक्त्यात सॉमरसेट सतरांपैकी सतरावे आले. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून बघावेत. पुढच्या वर्षी सोळावे. जगातला सर्वश्रेष्ठ फलंदाज, एक भयंकर गोलंदाज आणि इंग्लंडचा सर्वांत लोकप्रिय अष्टपैलू घरात असताना हे घडले. आता कमिटीने डबे उघडून पाहिले म्हणावे की नाही? पाहिले, आणि त्यांना असे दिसले की तीन डबे ओसंडून वाहत आहेत आणि बाकीची फळी रिकामी आहे. दुसरीकडे क्रोवर दुसऱ्या एका कौंटीचा डोळा होता. नियमही आता आवळले होते. क्रो हवा तर रिचर्ड्स आणि गार्नर दोघांनाही ठेवता येत नव्हते. १९८६च्या ऑगस्टमध्ये, मोसम चालू असतानाच, कमिटीने निर्णय सांगितला : १९८७साठी रिचर्ड्स आणि गार्नर यांच्याशी करार होणार नाही.

इथे मला एक घरची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे शाळांची पटसंख्या ३० सप्टेंबरला धरतात. त्यावरून किती शिक्षक मान्य हे ठरते. याला संचमान्यता म्हणतात. पट कमी झाला की कोणीतरी 'अतिरिक्त' ठरतो. शब्द मोठा विचित्र आहे. काल सकाळी जो प्रार्थनेला उभा होता तो आज अतिरिक्त. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक जागा कमी झाली, आणि आमचे खेळाचे शिक्षक अतिरिक्त ठरले. या माणसाने चुन्याची पोती खांद्यावरून आणून मैदान आखलेले, मुलींच्या खो-खोच्या संघाला जिल्ह्यापर्यंत नेलेले. पण तक्त्यात खो-खोचा रकाना नाही. माझे अक्षर बरे म्हणून तो तक्ता लिहून काढण्याचे काम माझ्याकडे होते. मी काळ्या शाईने नाव लिहिले, पुढे 'अतिरिक्त' लिहिले, आणि ओळ सरळ आली की नाही हे पट्टी लावून बघितले. सर शेजारीच बसले होते. म्हणाले, "ओळ छान आलीय हो तुमची." चाळीस किलोमीटरवरच्या एका शाळेत त्यांचे समायोजन झाले. त्यांना ही बातमी आधी कोणी बोलावून सांगितली नव्हती. त्यांना ती तक्त्यावरून कळली.

म्हणून सॉमरसेटच्या कमिटीचा मला सरसकट राग येत नाही, आणि सरसकट कळवळाही येत नाही. त्यांचे गणित चुकीचे नव्हते. रिचर्ड्स चौतीस वर्षांचा, गार्नर त्याच्याच वयाचा. दौरे, दुखणी, थकवा. आणि संघ तळाशी. उद्याचा विचार कोणी तरी करायलाच हवा. पण बारा वर्षे घरात वावरलेल्या माणसाला उद्याच्या यादीतून वगळताना सांगायची एक रीत असते, आणि ती नियमांच्या पुस्तकात नसते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रिचर्ड्सने आपल्या अँटिगात इंग्लंडविरुद्ध छप्पन चेंडूंत कसोटी शतक ठोकले होते. अशा माणसाला ऑगस्टात 'गरज नाही' हे ऐकावे लागले.

गावात दोन तट पडले. बोथमने जाहीर केले की हे दोघे जाणार असतील तर मीही जातो. कर्णधार पीटर रोबक कमिटीच्या बाजूचा. ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या जागेवर बोथमने 'जूडास' अशी पाटी लावली. जूडास म्हणजे त्यांच्याकडचा विश्वासघातकी. आपल्याकडे सूर्याजी पिसाळ म्हणतात, तसे. सभासदांनी खास सभा मागितली. ८ नोव्हेंबर १९८६ रोजी शेप्टन मॅलेट इथे, शेतकी प्रदर्शनाच्या आवारात ती भरली. आपल्याकडे दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. क्रिकेटच्या सभेला हजारो माणसे थंडीत जमली, भाषणे झाली, आणि मते मोजली गेली. कमिटीच्या बाजूने १८२८, विरुद्ध ७९८.

मामांच्या वहीत या कात्रणाखाली पेन्सिलीने वजाबाकी केलेली आहे. १८२८मधून ७९८ गेले, उरले १०३०. उत्तराखाली दोन रेघा. मामा कोणत्या बाजूचे होते हे मला त्यावरून कधीच कळले नाही. टपाल खात्यातला माणूस. पत्र पोचवणार, वाचणार नाही.

पुढे काय झाले ते झटपट सांगतो, कारण यादी करणाऱ्यांचे खरे निकाल तिथेच लागतात. क्रो १९८७ साली आला आणि चांगला खेळला. १९८८ साली पाठीच्या दुखण्याने मोसमाच्या मध्येच परतला. त्याच्या बदली आला तो ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह वॉ, तेव्हा जेमतेम तेविशीचा. मग १९८९ साली दक्षिण आफ्रिकेचा जिमी कुक आला. छत्तिशीकडे झुकलेला, मितभाषी, पेशाने शिक्षक. त्याने तीन मोसमांत ७६०४ धावा काढल्या. शिक्षकाचे नाव यादीत आले की मला उगीचच बरे वाटते. पण चषक काही लवकर आला नाही. १९८३नंतरचा पुढचा चषक सॉमरसेटने उचलला तो २००१ साली. आणि चॅम्पियनशिप त्यांनी आजवर एकदाही जिंकलेली नाही. २०१० साली तर गुण अगदी बरोबरीचे झाले आणि जिंकलेल्या सामन्यांच्या संख्येवर नॉटिंगहॅमशर पुढे गेले.

गेलेल्यांचे म्हणाल तर बोथम वूस्टरशरला गेला, आणि त्या कौंटीने १९८८ व १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे चॅम्पियनशिप जिंकली. रिचर्ड्स एक उन्हाळा लँकेशरमधल्या रिश्टन नावाच्या छोट्या गावच्या क्लबात खेळला, पुढे वेल्समधल्या ग्लॅमॉर्गनला गेला, आणि १९९३ साली त्या संघाला रविवारच्या लीगचे विजेतेपद मिळवून देऊन निवृत्त झाला.

आता याद्या करणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. एप्रिल-मे आयपीएलचे, ऑगस्ट 'द हंड्रेड'चा. मधल्या फटीत कौंटी. सामन्यात दोन परदेशी खेळाडू खेळवता येतात, पण ते चार सामन्यांसाठी येतात, सहा सामन्यांसाठी येतात. घरजावयाचा आता पाहुणा झाला आहे. तरी त्यातही देणेघेणे होतेच. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान भारतीय संघातून वगळला गेला होता तेव्हा, २००६ साली, वूस्टरशरला गेला आणि त्याने मोसमात ७८ बळी घेतले. पुढच्या उन्हाळ्यात भारताने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली ती प्रामुख्याने त्याच्या गोलंदाजीवर. वगळलेलाच चेतेश्वर पुजारा २०२२ साली ससेक्सकडे गेला आणि त्याने आठ सामन्यांत १०९४ धावा काढल्या; त्याच मोसमात तो भारतीय संघातही परतला. आणि २०२५ साली यॉर्कशरच्या यादीत पुण्याच्या ऋतुराज गायकवाडचे नाव आले. आमच्या शिक्षकांच्या खोलीत पेढ्यांची भाषा झाली. जुलैत, पहिल्या सामन्याच्या तोंडावर, वैयक्तिक कारणाने त्याने येत नसल्याचे कळवले, आणि यॉर्कशरने पाकिस्तानच्या इमाम-उल-हकला घेतले. जन्माची अट धरून बसलेल्या त्या कौंटीची ही चपळाई पाहून लॉर्ड हॉक काय म्हणाले असते कोण जाणे.

टाँटनच्या मैदानाला आज रिचर्ड्सच्या नावाचे प्रवेशद्वार आहे आणि बोथमच्या नावाची प्रेक्षक-गॅलरी आहे. १९८६च्या सभेत हात वर करणारे काही जण अजून हयात असतील, आणि त्याच दारातून आत जात असतील.

आमचे खेळाचे सर अधूनमधून भेटतात. नव्या शाळेत मैदान नव्हते. त्यांनी गावकऱ्यांकडून पडीक तुकडा मागून घेतला आणि मुलींचा संघ उभा केला. यंदा तालुक्याच्या खो-खो स्पर्धेत त्या संघाने आमच्या शाळेला एक डाव राखून हरवले. विजेत्यांची प्रमाणपत्रे लिहायला अर्थातच मला बसवले होते. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सावकाश लिहा. बारा मुली आहेत, आणि दोन राखीव. राखीव मुलींची नावंही त्याच शाईनं लिहा."